परत यायला अजून दोन वर्षं लागतील

पुणे, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. आईस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. बाबा मोठ्याने वाचतील आणि आई मध्येच "पण पुढे काय?" म्हणेल. तेव्हा पुढचंच आधी सांगतो. दिवाळीनंतर कायमचं बडोद्याला यायचं ठरलं होतं, ते दोन वर्षं लांबलं आहे. मी एमबीएला प्रवेश घेतलाय, विषय इन्फर्मेशन सिस्टिम्स. पहिल्या वर्षाची फी भरली, नोकरीचा राजीनामाही दिला. विचारून करायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर बाबा लगेच "कर" म्हणाले असते आणि आई रात्रभर जागी राहिली असती. मला दोन्ही नको होतं.

ऑगस्ट २०२४ मी विसरलेलो नाही. विश्वामित्रीचं पाणी आपल्या दिवाणखान्यात, तुम्ही दोघं वरच्या शाहभाईंकडे, आणि मी इथे बसून तुमच्या फोनची बॅटरी किती उरली ते विचारतोय. पाणी उतरल्यावर पोचलो तेव्हा बाबा झोपाळ्याच्या कड्यांना सुतळी बांधून औषधांच्या दुकानातली गिऱ्हाइकांची कार्डं वाळत घालत होते. दुकान बंद होऊन सहा वर्षं झालेली, कोणाकडून एक रुपया येणं नाही. तेव्हाच म्हणालो होतो, पुढच्या दिवाळीपर्यंत परत येतो. म्हणून आज हात जड झालाय.

बाबा, तुमचा प्रश्न ऐकू येतोय. कॉम्प्युटर तर बारावी झालेली पोरं शिकतात, तू अकाउंट्सवाला, चौतिसाव्या वर्षी हे काय? गेल्या वर्षी आमच्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. खरेदी, विक्री, गोदाम, हिशेब, सगळं एकात. काय काय हवं ते ठरवणाऱ्या समितीत मीही होतो. एकदा पडद्यावर पंपाची ३० सीलं दिसली म्हणून आम्ही आणखी २०० मागवली. गोदामात दीडशेच्या वर पडून होती! गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल स्टोअरकीपर एका निळ्या वहीत लिहायचा, कारण परत आलेला माल नोंदवायची सोयच आम्ही करून घेतली नव्हती. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. त्या माणसाला कोणी विचारलंच नाही. मीही नाही, आणि माझं टेबल त्याच्यापासून वीस पावलांवर.

तेच शिकायचंय. माहिती कुठे जन्मते, कोणाच्या हातून कुठे जाते, कुठे अडकते, ते आधी कागदावर काढायचं, मग तिची कोष्टकं पाडायची, मग प्रोग्रामरशी बोलायचं. बरोबरीने कॉस्टिंग, मार्केटिंग, कायदा हे आहेच. कोडिंगही थोडं, म्हणजे प्रोग्रामर "होत नाही" म्हणाला तर खरंच होत नाही की त्याला करायचं नाही, एवढं कळण्यापुरतं.

अजून एक. डेटाबेसचं पुस्तक चाळत होतो आणि चौथ्या पानावर आपला बाटाचा खोका भेटला. एका घराला एक कार्ड, कोपऱ्यात लाल शाईने नंबर. उधारीच्या वहीत ना नाव ना पत्ता, फक्त तो नंबर. रावपुऱ्यात आपले दोन जोशी होते, 'नळाजवळचे' आणि 'रेडिओवाले'. एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर चढल्या आणि तेव्हापासून नंबर आले. कुलकर्णी मांजलपूरला राहायला गेले तेव्हा तुम्ही कार्डावरचा पत्ता खोडलात, वहीला हातही लावला नाहीत. याला नॉर्मलायझेशन म्हणतात, आणि त्या नंबराला प्रायमरी की. आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली हे एका निबंधात मांडलं. तुम्ही काही तो वाचला नव्हता, तुम्हाला फक्त जोशीकाकूंची कटकट नको होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी औषधांच्या तारखा वाचायचो आणि तुम्ही जवळची तारीख पुढे, लांबची मागे लावायचात, आठवतं? एकदा मी मार्च ९८ चं ९९ वाचलं. तुम्ही रागावला नाहीत. पट्टी परत माझ्या हातात दिलीत, "दोनदा वाच, बंड्या," म्हणालात आणि वर लिमलेटची गोळी दिलीत. ती गोळी गालात धरून मी पायऱ्यांवर झोपलो होतो.

पैशांचं. घर गहाण नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, माझं त्याच्या आत बसतं. घर हिच्या पगारावर चालेल. आई, तुझ्या कपाळावरची आठी इथून दिसते. पण दुकानाची पहिली दोन वर्षं तुझ्या बालवाडीच्या पगारावर निघाली हे बाबाच सगळ्यांना सांगतात. आणि बडोद्यात युनिव्हर्सिटी नाही का, म्हणशील. आहे, पण हिची नोकरी पुण्यात आहे ना. खाण्यापिण्याचे हाल नाहीत. सकाळी पोळी-भाजीचा डबा, रात्री वरण-भात. शेव-उसळीची आठवण आली की मिसळ खातो आणि तिच्यात ती मजा नाही हे इथे कोणाला सांगत नाही.

बाबा, सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला कीर्तिमंदिरासमोर उभं करून सांगता. माझं प्राथमिक नाही, मोफत तर नाहीच. सक्ती तेवढी मी स्वतःवर करून घेतलीय.

आता नीट ऐका. पावसाळा तोंडावर आहे. इन्व्हर्टर जमिनीवरून उचलून ओट्याच्या उंचीवर बसवायला माणूस सांगितलाय, तो गुरुवारी येईल, त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवू नका. काळा घोड्याजवळ विश्वामित्रीचं पाणी २० फुटांवर गेलं की दोघांनी वर जायचं. धोक्याची पातळी २६ फूट आहे, तिची वाट बघत बसायचं नाही. आईच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली की तारीख लेबलवर लिहा आणि महिन्याने फेका. मागच्या खेपेला फ्रिजमध्ये दोन उघड्या बाटल्या होत्या, कुठली कधीची ते दोघांनाही सांगता येईना. गिऱ्हाइकांना इतकी वर्षं हेच सांगितलंत ना? आई, गुडघे दुखत असताना चतुर्थीचा निर्जळी उपास कोणी सांगितलाय? आणि उत्तरायणाला बाबा पतंग उडवताना गच्चीच्या कठड्याजवळ दिसले असं शाहभाईंनी कळवलं, तर मी भर वर्गातून फोन करीन.

रागवायचं असेल तर गणपतीत रागवा, मी पाच दिवस येतोय. आई, मोदक कमी कर, बाबांची साखर बघ. आणि बाबा, तो खोका. पहिल्या सेमिस्टरला कुठलीतरी खरी पद्धत कागदावर उतरवून दाखवायची आहे, मला आपलीच दाखवायची आहे. खोका हातचा सोडवणार नसेल तर राहू दे, मी झोपाळ्यावर बसून एकेका कार्डाचा फोटो काढीन. नंबर तुम्ही सांगा.

तुमचा,
बंड्या