वेब सर्व्हरच्या डॉक्युमेंटेशनमधली फसवी नावं

संपादक साहेब,

तुमच्या करिअर पुरवणीत क्लाउड, सर्व्हर अॅडमिन वगैरे कोर्सबद्दल बरंच येतं, चांगलंय, पण कोर्स झाल्यावर पोरांना रोज जे उघडून बसावं लागतं त्या डॉक्युमेंटेशनबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेबद्दल, कुणीच लिहीत नाही. मी सर्व्हर सांभाळतो, नवीन पोरांना शिकवतोही, आणि माझ्या मते पोरं इंग्रजीमुळे कमी आणि फसव्या नावांमुळे जास्त अडकतात.

साइट उघडताना सर्व्हर कधीकधी देतो तो ४०१ एररच घ्या ना. नाव काय तर 'अनऑथराइज्ड', म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार परवानगी नाही. खरं तर सर्व्हर विचारतोय की बाबा तू कोण, आधी लॉगिन कर. ओळख पटूनही आत सोडायचं नसेल तर त्याला ४०३ आहे. पण नाव वाचून पोरगं फोल्डरच्या परमिशन बदलत बसतं, थेट ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन टाकतं (हे कृपया कुणी करू नका) आणि घोळ असतो पासवर्डच्या फाइलमध्ये!

पान साठवण्याबद्दल सर्व्हर ब्राउझरला देतो ती 'नो-कॅश' सूचना तर त्याहून भारी. कुणालाही वाटेल की ब्राउझर पान साठवणार नाही, पण तो खुशाल साठवतो, फक्त पुन्हा दाखवण्याआधी सर्व्हरला विचारतो. साठवूच नये यासाठी 'नो-स्टोअर' लागतं. आता सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर कुणाचं बँक स्टेटमेंट उघडलं आणि साइटवाल्याने नुसतं नो-कॅश लावलेलं असलं तर काय?

अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये, आलेली रिक्वेस्ट मागच्या अॅप्लिकेशनकडे पाठवायला 'प्रॉक्सीपास' ही सेटिंग पुरते, पण 'प्रॉक्सीरिक्वेस्ट्स' हे नाव दिसलं की नवीन माणूस तेही ऑन करतो, आणि बंधनं घातली नसतील तर जगातला कुणीही त्याच्या सर्व्हरआडून इंटरनेट वापरतो. इशारा डॉक्युमेंटेशनमध्ये आहे हो, पण नाव बघून कॉपी-पेस्ट करणारा तिथपर्यंत वाचतोय कशाला.

सुधारणा होत नाही असंही नाही. अपाचे २.२ मध्ये कुणाला आत सोडायचं आणि कुणाला अडवायचं हे लिहिताना 'ऑर्डर अलाव, डिनाय' का 'डिनाय, अलाव' यात भलेभले गोंधळायचे, कारण शेवटी कुठला नियम चालणार ते त्या क्रमावर ठरायचं. २०१२ च्या २.४ आवृत्तीमध्ये सरळ 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' नाहीतर 'डिनाइड' आलं, वाचलं की कळतं.

एचटीटीपीतली, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायच्या नियमांतली, नावं (४०१, नो-कॅश वगैरे) मात्र आता बदलणार नाहीत, मान्य. तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते सर्व्हरला सांगणाऱ्या 'रेफरर'च्या स्पेलिंगमधला गळालेला आर १९९६ पासून तसाच आहे, दुरुस्त करायला गेलं तर चालू साइट बंद पडतील. पण निदान फसव्या नावाखाली पहिल्याच ओळीत लिहा ना, की याचा अर्थ वाटतो तसा नाही. अपाचेचं डॉक्युमेंटेशन खुलं आहे, सुधारणा कुणीही पाठवू शकतं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला अशा कामाचे मार्क द्यावेत, दरवर्षी तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवून घेण्यापेक्षा बरं.

– एक वाचक, सांगली