‘शासन’ म्हणजे नेमके कोण?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

‘शासनाने निर्णय घेतला’, ‘प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे’ अशी वाक्ये बातम्यांत दिसली की मी पेन्सिलीने ‘शासन’खाली रेघ मारतो. ३१ वर्षे सरकारी कचेरीत टिपण्या आणि मसुदे लिहिले, त्याची ही सवय. मसुद्यात ‘सरकार’ आले की साहेब ते खोडून ‘शासन’ करत. सरकार फारसी, शासन संस्कृत, एवढेच आम्हाला ठाऊक.

‘शास्’ धातूत शिकवणे, आज्ञा करणे आणि दंड करणे तिन्ही आहे. शास्त्र, शिष्य, अनुशासन ही त्याचीच भावंडे. बोलण्यात मात्र आपण दंडच धरून ठेवला: ‘गुन्हेगाराला कडक शासन झालेच पाहिजे!’ मग दाखल्यावरचे ‘महाराष्ट्र शासन’ वाचतानाही माणूस जरा दबतोच.

एक अर्थ तर आपण पार विसरलो. राजाने दिलेल्या दानाचा तांब्यावर कोरलेला लेख म्हणजे ताम्रशासन. कन्नडमध्ये कोरीव लेखाला आजही शासनच म्हणतात. संग्रहालयात असा एक ताम्रपट मी बराच वेळ न्याहाळला होता. कडीत ओवलेले पत्रे, कडीवर राजमुद्रा. अशा लेखांत देणारा कोण, घेणारा कोण, जमिनीच्या चतुःसीमा कोणत्या, पुष्कळदा लिहिणारा कोण, हेही नोंदलेले असते. शेवटी शापवचन: आपण दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली, ती जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. हा धाक पुढे गादीवर येणाऱ्या राजांना घातलेला असे. शासन राजालाच बांधून ठेवी.

आजच्या शासन निर्णयावरही विभागाचे नाव, क्रमांक, तारीख असते. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ लिहून अधिकारी सही करतो. बातमीत येईपर्यंत हे सगळे गळून जाते.

त्याने काय होते ते मी केले आहे. एका विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जाला ‘प्रकरण शासनस्तरावर प्रलंबित आहे’ असे उत्तर मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा फाइल माझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिने कोणाला विचारायचे होते?

म्हणून कळकळीची विनंती. ‘शासनाने’ असे छापण्याआधी वार्ताहराला एवढे विचारा: कोणत्या विभागाने, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने?

आपला,
एक निवृत्त लिपिक