रविवारी मिस्त्री येतील, नाही म्हणू नका

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा 'चाललंय की' म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे झाले असते, म्हणून लिहितेय. शटरच्या रिमोटचं काम मी मिस्त्रीला सांगून टाकलंय. पैसेही देऊन झालेत.

पत्र्यांना कुणी हात लावणार नाही, बाबा. १९९३ च्या भूकंपानंतर तुम्ही घातलेले पत्रे आहेत ते, मला कळतं. पण वर पत्रा, समोर लोखंडी शटर आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आत मोटरपाशी. लोखंडातून रेडिओ लहरी आरपार जात नाहीत, फटींतून शिरतील तेवढ्याच. म्हणून तुम्हाला गाडी रस्त्यात उभी करून, उतरून, पार शटरला चिकटून बटण दाबावं लागतं. दिवाळीत बघितलं ना मी. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात रिमोट, आणि मागं टमटमवाल्याचा हॉर्न. तुम्हाला जमत नाही असं मी म्हणत नाहीये. पण ऑपरेशनचा गुडघा आहे, आणि उन्हाळा काही लांब नाही.

रिसीव्हरमधून जी बारीक वायर निघते तोच त्याचा अँटेना. बसवणाऱ्यानं तिची गुंडाळी करून डब्यात कोंबलीय. आपला रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झचा, त्याला साधारण १७ सेंटिमीटरची वायर लागते. सरळ, आणि लोखंडापासून दूर. मिस्त्री केबल टाकून अँटेना शटरच्या बाहेर, वर बसवतील. बाबा, तुम्ही वायर वाढवून बघाल म्हणून आधीच सांगते: लांब वायर म्हणजे लांबचा पल्ला असं नसतं.

गच्चीवर तुम्ही टीव्हीचा अँटेना फिरवायचात आणि मी खिडकीतून 'मुंग्या, मुंग्या!' ओरडायचे. चित्र आलं तरी मुद्दाम ओरडायचे, तुम्हाला माहीत होतं ना?

आई, तोवर रिमोटचा सेल तू बदलून घे. १२ व्होल्टचा बारका, २३ए लिहिलेला. घड्याळातला चालत नाही. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, हे बाबांचं ऐकू नकोस. आणि मोटरजवळचा एलईडी बल्ब बंद करून एकदा बटण दाबून बघा. स्वस्तातले बल्ब रेडिओत खरखर करतात, पल्ला त्यानंही कमी होतो.

बाकी काही बदलणार नाही. लाईट गेली तर हातानं ओढायची साखळी आहे तशीच राहील, मिस्त्रीला बजावलंय. शटरची खडखडही तीच, म्हणजे आईला आतूनच कळेल बाबा आले ते आणि तवा वेळेवर चढेल.

येळवसला येतेय. भज्जी आणि आंबील जास्तीची कर, डबा भरून नेणार आहे.

मिस्त्रींना चहा द्या, पण काम झाल्यावर. बाबांनी शिडीवर चढायचं नाही. शिडी धरायलासुद्धा जायचं नाही.

तुमचीच,
चिमी