अण्णा, मातीतले डाव मॅटवर आणून दिलेत त्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलो की तुम्ही "असूदे रे, असूदे" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मातीतून मॅटवर जाणारी पोरं आणि त्यांना शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण हे वाचतील, त्यांनाही उपयोग होईल.

आमच्या तालमीत मॅट आली तेव्हा सल्ले द्यायला कमी माणसं नव्हती. काहीजण म्हणायचे मॅटवरची ती काय कुस्ती, आणि काहीजण म्हणायचे मातीतलं सगळं विसरा, पोरांना पहिल्यापासून फ्रीस्टाईल शिकवा. तुम्ही एनआयएस (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रशिक्षकाचा कोर्स) करून आलेले, तुम्ही दुसऱ्या बाजूचे असणार असं मला वाटलेलं. पण तुम्ही आल्याआल्या पोरांना म्हणालात तुम्हाला येतात ते डाव लावून दाखवा, आणि प्रत्येक डाव बघून एकच विचारत होता, हा डाव कशावर उभा आहे? जांघ्याच्या पकडीवर, मऊ मातीवर, का निवांत वेळ मिळतो त्याच्यावर? त्यातलं जे मॅटवर मिळणार नाही तेवढंच बदलायचं, बाकी डाव आपलाच.

घिस्सा घ्या. आमच्या पोरांचा जीव त्याच्यावर. समोरच्याला खाली घेतला की मागून जांघ्या धरायचा आणि पुढं उलथवायचा. मॅटवर कॉस्च्युमला हात लावला की पंच थांबवणार, म्हणजे डावाचा पायाच गेला. तुम्ही तिथंच भारंदाज जोडून दिलात. पोरगं त्याच जागी, त्याच बाजूनं बसणार, वजन तसंच पुढं टाकणार, फक्त हात जांघ्यावर न जाता बरगड्यांखाली लॉक होणार आणि ब्रिज करून (अंगाची कमान करून) फिरवणार, एका फिरवण्याला दोन गुण, आणि लॉक सुटला नाही तर लगेच दुसऱ्यांदा. पोरांना नवीन डाव शिकतोय असं वाटलंच नाही, म्हणून तो इतका लवकर बसला असं माझं प्रामाणिक मत आहे.

ढाकेवर, म्हणजे मान धरून कंबरेवरून फेकायच्या डावावर, तर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात आणि त्याचे आभार मला वेगळे मानायचेत. मातीत पाय रोवून कंबर घातली की माती थोडी सरकते, त्यामुळं गुडघ्यावर पीळ येत नाही, पण मॅटवर बूट चिकटतो आणि वरचं अंग फिरतं, मग गुडघा जातो. तुम्ही आधी चवड्यावर वळायला शिकवलंत आणि वळणं जमल्याशिवाय कुणाला ढाक मारूच दिली नाहीत. वर डोक्याबरोबर समोरच्याचा एक हात आत घेतलाच पाहिजे, नुसती मान दोन्ही हातांनी आवळली तर फ्रीस्टाईलमध्ये चालत नाही, आणि मान निसटली तर तो मागं जाऊन कब्जा घेऊन दोन गुण नेणार, हे सगळं स्वतः उभं राहून, पोरांकडून स्वतःला पाडून घेऊन दाखवलंत. या वयात, अण्णा.

तेव्हाच तुम्ही खाशाबा जाधवांचं सांगितलेलं. ढाकेवर हुकूमत असलेला गोळेश्वरचा पैलवान १९४८ ला लंडनला गेला तेव्हा मॅट आणि तिकडचे नियम दोन्ही नवे, तरी सहावा आला. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानानं त्यांची तयारी करून घेतली, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांची माती सुटली नव्हती, असं तुम्ही म्हणालात आणि पोरं एकदम गप्प बसून ऐकत होती.

बारीकसारीक गोष्टी तर किती. मातीत हात कोरडे राहतात, घाम आला तरी माती चोळली की पकड बसते, मॅटवर घामानं मनगट साबणासारखं निसटतं, म्हणून मनगट सोडून कोपराच्या वर धरायची सवय लावलीत. पट काढायला (समोरच्याचा पाय धरून पाडायला) खाली वाकून उभं राहणं, कडेला आल्यावर आत वळणं (मातीत पंच मध्ये आणून सोडतात, इथं पाय बाहेर गेला की एक गुण जातो). आणि पाठीवरून लोळून सुटायची सवय, ती मोडायला सगळ्यात त्रास झाला. मातीत दोन्ही खांदे टेकेपर्यंत कुस्ती चालू, त्यामुळं पोरं बिनधास्त पाठ खाली करून फिरायची, मॅटवर पाठ तशी वळली की समोरच्याला दोन गुण. तुम्ही चिडला नाहीत, पाठ खाली गेली की नुसतं "दोन" म्हणायचा, आता पोरं लढतीत एकमेकांना "दोन" म्हणून ओरडतात.

तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांसाठी दम वेगळा लागतो म्हणून मेहनतही बदलून दिलीत, पण जोर-बैठका बंद केल्या नाहीत याचं आमच्या वस्तादांना फार बरं वाटलं. ते तुम्हाला स्वतःहून बोलणार नाहीत, म्हणून मी सांगतो. त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं तुम्ही कुणासमोर खोटं पाडलं नाहीत, उलट प्रत्येक डावाला "हे वस्तादांनी शिकवलंय ना, मग त्याच्यापुढं असं" म्हणून सुरुवात केलीत. त्यामुळंच ते आता मॅटच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि स्वतः गुण मोजतात.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, एसटीचं भाडंसुद्धा नाही. पोरांच्या आयांनी पाठवलेलं तूप तेवढं घेतलंत तेही मी हट्ट केल्यावर. धाकट्या गटातली दोघं आता कलाजंग (समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकायचा डाव) मॅटवर लावायला बघतायत, गुडघा टेकवून खाली शिरताना अडकतात, माझ्याच्यानं नीट दाखवता येईना. जत्रेच्या आधी एक रविवार काढून याल का? मुक्कामाला आमच्याकडंच या, वहिनींनाही घेऊन या.

तुमचा,
तालमीतला धाकटा भाऊ