लाट बोट गेल्यावर येते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैनगंगेतल्या बोटिंगवर कालच्या अंकात अर्धं पान वाचलं. फोटो चांगले आहेत. पण मासेमारांच्या डोंग्यांमुळे पर्यटकांच्या बोटींना अडचण होते, असं त्यात छापलंय. ते वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

याच नदीवरच्या गोसेखुर्द धरणाचा पाया १९८८ साली घातला गेला. पुढे धरणात पाणी चढलं, शेती गेली, गाव उठलं. आम्हा ढिवर मासेमारांच्या वाट्याला राहिलं ते हे पाणी. आता तिथंही अडचण आमचीच?

दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आई घाटाच्या पायरीवर बसून जाळ्यातले मासे सोडवत होती. डोंगा बाभळीच्या खुंटाला बांधलेला होता. समोरून पर्यटकांची बोट गेली. त्यातल्या पोट्ट्यांनी हात हलवले, आईनंही हलवला. बोट वळून दिसेनाशी झाली आणि मग लाट आली. पहिलीनं डोंगा उचलला, दुसरीनं पायरीच्या दगडावर आपटला. बाजूची फळी उभी चिरली. टोपल्यातले झिंगे पाण्यात गेले. आई घसरली, तिचा गुडघा फुटला. बोटवाल्याला यातलं काहीच दिसलं नाही, कारण लाट काठाला लागेपर्यंत तो पार पुढे गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं तर म्हणतो, "काका, घाटाजवळ मी स्पीड कमी केली होती."

केली असेलही. पण गोम तिथंच आहे. भरधाव बोट पाण्यावर चढून पळते. वेग अर्धवट कमी केला की तिचं बूड खाली बसतं, नाक वर उठतं आणि ती जास्त पाणी ढकलते. मोठी लाट उठते ती नेमकी तेव्हा. म्हणून वेग घाटासमोर येऊन नव्हे, बराच अलीकडे तोडायला हवा, आणि इतका की बोटीमागे पांढरा फेस दिसू नये. थेम्स नदीत भरतीचं पाणी पोचत नाही त्या वरच्या भागात ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. आमच्या घाटावर साधी पाटीसुद्धा नाही.

डोंग्याची कड पाण्यावर जेमतेम वीतभर असते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया याच वैनगंगेत डोंगा उलटून बुडाल्या. तिथं मोटारबोटीचा संबंध नव्हता. पण डोंगा उलटायला किती थोडं लागतं, ते त्या घरांना विचारा.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जहाजांचा, म्हणजे नदी-कालव्यांतल्या मोटारबोटींचा, नवा कायदा आला. तो आमच्या काठावर कधी पोचणार? घाटाच्या दोन्ही अंगांना दूरवर पाण्यात रंगवलेले पिंप बांधा, तिथून आत बोट रांगत आली पाहिजे असा नियम करा आणि मोडणाऱ्याकडून डोंग्याची भरपाई घ्या. आमच्या फळीचे पैसे अजून कोणी दिलेले नाहीत.

जाता जाता जलपर्णीबद्दलही लिहितो. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानमार्गे इकडे येतं आणि पाणी हिरवंगार झाकलं जातं. बोटींच्या वाटेवरची जलपर्णी काढली गेली. आमच्या घाटासमोरची तशीच आहे, जाळं टाकायला जागा नाही. तीही काढा.

आपला,
एक मासेमार वाचक, जि. भंडारा