डेडस्टॉक रजिस्टरमधली ती लाल रेघ खोडू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात राहते. गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज, दिवसभर हेच काम. माझी धाकटी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे आणि पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीतल्या तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्यामुळे शाळेच्या कपाटात काय पडून आहे हे विचारण्याचा हक्क मला आहे, असं मी धरते. हे पत्र त्या कपाटाबद्दल, म्हणजे त्यात 'नादुरुस्त' म्हणून पडलेल्या आणि आम्ही पुन्हा चालू केलेल्या लॅपटॉपबद्दल आहे.

२०१७ साल आमच्याकडे कुणी विसरणार नाही. फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यातली माणसं गेली ती त्याच वर्षी. गुलाबी बोंडअळीने उभ्या कापसाची बोंडं पोखरली तीही त्याच वर्षी. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या गावाने शाळेसाठी वर्गणी केली. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चे दिवस होते, आसपासच्या शाळा डिजिटल होत होत्या, आपली मुलं मागे राहू नयेत असं प्रत्येकाला वाटत होतं. एकशे दहा घरं, घरटी पाचशे रुपये. ज्यांच्या घरात त्या वर्षी दोन क्विंटलही कापूस आला नव्हता, त्यांनीही दिले. ५५ हजार जमले. त्यातून नऊ हजारांचा एक, असे सहा छोटे लॅपटॉप आले आणि उरलेल्या हजारात एक्स्टेन्शन बोर्ड घेतले. साडेअकरा इंची पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. त्या दिवशी शाळेत नारळ फुटला, मुलांना बुंदी वाटली.

ते लॅपटॉप जेमतेम दीड वर्ष चालले. बिघाड म्हणावा असा काहीच झाला नव्हता. त्यांवर आधीपासून बसवलेली विंडोज ही संगणक-प्रणाली दर काही महिन्यांनी स्वतःला अद्ययावत करू पाही, त्यासाठी जागा मागे, आणि ३२ जीबीतली बहुतेक जागा तिनेच व्यापलेली असे. मग अर्ध्यावर अडकणं, परत सुरू होणं, परत अडकणं. तास पस्तीस मिनिटांचा आणि लॅपटॉप उघडायला बारा मिनिटं. गुरुजींनी किती दिवस थांबायचं? एक एक करत सहाही लॅपटॉप कपाटात गेले. कोरोनात शाळा बंद पडली, गावातल्या निम्म्या घरांत मोठा मोबाइल नव्हता, तेव्हाही ते कपाटातच होते. पुढे तपासणी आली तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, त्यांच्यापुढे लाल शाईची रेघ ओढून 'नादुरुस्त' लिहिलं गेलं.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांकडे ते लॅपटॉप पाहायला मागितले. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी कपाट उघडून दिलं, पण म्हणाले, "ताई, बघा, पण यातलं काही बदललं तर उद्या ऑडिटला उत्तर मला द्यावं लागेल." मी ग्रामसभेत विषय मांडला. वर्गणी गावाची होती. गावाने हात वर केले, आणि मी सहाही लॅपटॉप घरी आणले.

ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरू आणि बदलू शकेल असं खुलं सॉफ्टवेअर, मला सेवा केंद्रामुळे माहीत होतं. माझा स्वतःचा जुना संगणक मी चार वर्षांपूर्वीच लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर नेला होता. तरी हे काम सोपं गेलं नाही. पहिल्या लॅपटॉपने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही. दोन वेगळ्या प्रणाली करून पाहिल्या, पडदा काळाच. बऱ्याच शोधानंतर कळलं की या स्वस्त लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिटचा असतो, पण त्याला जागं करणारं फर्मवेअर ३२ बिटचं असतं. ही जोडी प्रणाली बसवून देणाऱ्या सगळ्याच इन्स्टॉलरना जमत नाही. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीला जमली. भाषांची यादी उघडली आणि तिच्यात 'मराठी' असा शब्द दिसला, तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवला. पुढे आवाज लागेना, त्यात दोन रात्री गेल्या. एका लॅपटॉपची बॅटरी फुगलेली होती, ती काढून टाकली. एक शेवटपर्यंत उठला नाही, त्याचा कीबोर्ड आणि चार्जर दुसऱ्याच्या कामी आला.

सहापैकी पाच चालू झाले. घड्याळ लावून पाहिलं, बटण दाबल्यापासून ४८ सेकंदांत पडदा तयार. प्रणाली, लिहिण्या-हिशेबाचं लिब्रेऑफिस, मुलांचे कार्यक्रम, सगळं बसवूनही ३२ जीबीतली निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहिली. त्या जागेत किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या कार्यक्रमात मराठी विकिपीडिया भरला. तो आता इंटरनेटशिवाय उघडतो, आणि आमच्याकडे रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं हे लक्षात घेता ही मोठी गोष्ट आहे. सॉफ्टवेअरला खर्च शून्य रुपये. एक नवी बॅटरी आणि दोन पेनड्राइव्ह एवढंच विकत आणलं.

शेजारचे काका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. हे फुकट कसं, कुणी दिलं, उद्या पैसे मागतील का, असं त्यांनी बारकाईने विचारलं. मी सांगितलं की १९९३ पासून जगभरची माणसं मिळून हे बनवतात, कसं बनवलं ते उघड ठेवतात, आपण वापरू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, पुन्हा कुणाची परवानगी लागत नाही. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे घरचं बियाणं व्हय." दरवर्षी पाकिटातलं बियाणं विकत घेणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत.

आता आपल्याला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट. आमच्या शाळेत निम्मी मुलं कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येतात. घरी कोलामी बोलतात, पहिलीला येतात तेव्हा मराठीही त्यांना नवीच असते. लॅपटॉपवर टक्स पेंट नावाचा चित्रं काढायचा कार्यक्रम आहे. त्यात चित्रांचे शिक्के असतात; शिक्का निवडला की त्याचं नाव आवाजात ऐकू येतं. हे शिक्के आपण स्वतः घालू शकतो, एक चित्र आणि एक आवाजाची फाइल, एवढंच लागतं. शाळेतल्या बाईंनी आणि मी मोबाइलवर फोटो काढले: बैल, कापसाचं बोंड, मोहाचं फूल, बंडीचं चाक, विळा. मग पोडावर जाऊन तिसरीतल्या एका मुलीच्या आजीला बसवलं आणि प्रत्येक वस्तूचं नाव कोलामीत बोलायला सांगितलं. म्हातारी आधी लाजली. नंतर थांबेचना, आम्ही न विचारलेल्याही वस्तू सांगू लागली. सोमवारी शाळेत त्या मुलीने बैलाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. आवाज आला तशी ती उठून उभी राहिली. "बाई, हा तं माह्या आजीचा आवाज हाय!" पोडावरची जी मुलं वर्गात तोंड उघडत नव्हती, ती त्या दिवशी एकमेकांना ढकलून लॅपटॉपपुढे आली.

कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. इतक्या थोड्या लोकांच्या भाषेत कुणी कंपनी कधी मुलांसाठी सॉफ्टवेअर काढेल, असं मला वाटत नाही. इथे मात्र एक आजी, एक शिक्षिका आणि एक मोबाइल यांनी दोन दुपारी ते काम केलं, कारण सॉफ्टवेअर उघडं होतं. फुकट मिळतं म्हणून मी ओपन सोर्सची बाजू घेत नाही, या दुपारींसाठी घेते.

विजेचंही सांगते. आमच्याकडे दिवसाची वीज कधी जाईल याचा नेम नाही. या लॅपटॉपच्या चार्जरवर १२ व्होल्ट, २ अँपियर असं लिहिलेलं आहे. गावातल्या वायरमनने फवारणी पंपाला बसते तशी १२ व्होल्टची नवी बॅटरी घेतली, मधे फ्यूज टाकला आणि पिन जोडून दिली. एका बॅटरीवर एक लॅपटॉप पाच-सहा तास सहज चालतो. (वापरातल्या पंपाची बॅटरी मी मुलांजवळ येऊ दिली नाही. २०१७ आम्हाला आठवतं.) मोठे संगणक असते तर हे जमलं नसतं. लहान, स्वस्त यंत्राची किंमत खेड्यात कळते.

अडचणीही झाकून ठेवत नाही. यूट्यूब आणि दोन-चार पानं एकदम उघडली की २ जीबीच्या यंत्राला धाप लागते. माझ्या केंद्रातलं बोटांच्या ठशाचं यंत्र विंडोजवरच चालतं, म्हणून तिथे एक विंडोजचा संगणक ठेवावा लागतो. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली उघडल्या की अक्षरांचा चुराडा होतो. कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये बदलून परत तपासाव्या लागतात. आणि शिकवायला कुणी नसेल तर कुठलीही प्रणाली शेवटी कपाटातच जाते, लिनक्ससुद्धा.

पण हा प्रश्न आता आमच्या सहा लॅपटॉपांचा राहिलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे लोकवर्गणीतून, देणगीतून, निधीतून गावोगाव आलेल्या किती यंत्रांपुढे यंदा लाल शाई चालेल, याचा विचार आपण करावा. त्यातली बरीच यंत्रं धडधाकट असतील. मी बसवलेल्या डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळणार आहेत, आणि त्यानंतर पुढची आवृत्ती घ्यायलाही पैसे लागत नाहीत.

यात नवं, धाडसी असं काही नाही. केरळच्या सरकारी शाळा दोन दशकांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. २०१७ साली सुरू झालेली 'काइट' ही त्यांची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते आणि शाळाशाळांत 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे गट चालवते. आपल्याच राज्यात २००७ साली कर्जतजवळच्या खैराट या वस्तीवरच्या शाळेत मुलांच्या हातात लिनक्सवर चालणारे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांना फक्त २५६ एमबी रॅम होती. भारत सरकारचं २०१५ चं धोरण तर सांगतं की सरकारी खरेदीत ओपन सोर्सचा पर्याय आधी विचारात घ्या, आणि तो नाकारला तर कारण द्या. मराठीत लिहायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्ससोबतच येतो, लोहित आणि मुक्ता यांसारखे फाँट मोफत आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिब्रेऑफिसचे धडे मराठीत ऐकता येतात. सामान सगळं तयार आहे.

अडतं कुठे, तर मुख्याध्यापकांच्या भीतीपाशी. दुरुस्ती फसली तर जबाबदार तेच, आणि यंत्र कपाटात सडलं तर जबाबदार कुणीच नाही. म्हणून माझी मागणी एका शासन निर्णयाची आहे. शाळेतल्या कुठल्याही संगणकाचं निर्लेखन करण्याआधी, म्हणजे तो निकामी ठरवून नोंदीतून काढण्याआधी, त्यावर मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रणाली बसवून पाहणं बंधनकारक करा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने हे काम करणाऱ्या मुख्याध्यापकावर त्याबद्दल आक्षेप येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहा. मुख्याध्यापकांना भीती आहे ती कागदाची.

काम करायला माणसंही आहेत. आयटीआयमध्ये 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड शिकणारी मुलं आहेत. सुट्टीतले दहा दिवस त्यांना गट साधन केंद्रावर बसवा, शाळांनी आपापले लॅपटॉप तिथे आणावेत, मुलांच्या प्रात्यक्षिकाचे तास त्यात धरावेत. पहिलं शिबिर झरी जामणीत घेणार असाल तर पेनड्राइव्ह तयार करून मी स्वतः येईन, ३२ बिट फर्मवेअरची ती भानगड आता मला पाठ आहे. आणि पुढची खरेदी काढाल तेव्हा निविदेत एवढं तरी घाला की यंत्रावर लिनक्स चाललं पाहिजे, आणि रॅम व साठवण वाढवायची सोय असली पाहिजे. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही सोल्डर केलेली आहेत, ती वाढत नाहीत.

सोबत डेडस्टॉक रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. पाच लॅपटॉप आज दुपारीही वर्गात चालू होते, आणि रजिस्टरमध्ये ते अजून नादुरुस्तच आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, लाल रेघ खोडायला वरचा कागद लागतो. तो कागद आपण काढावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
झरी जामणी तालुका, जि. यवतमाळ