अरोकॉथ गोल नाही, पेढ्यासारखा चपटा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी तुम्ही अरोकॉथचा, म्हणजे प्लूटोच्याही पलीकडे सूर्याभोवती फिरणाऱ्या एका छोट्या बर्फाळ खगोलाचा, फोटो छापलात, खूप बरं वाटलं, प्लूटोच्या पलीकडचं काही पेपरात सहसा येतच नाही. पण खाली ‘एकमेकांना चिकटलेले दोन गोल चेंडू’ असं लिहिलंय ते बरोबर नाही. १ जानेवारी २०१९ला नासाचं न्यू होरायझन्स यान त्याच्यापासून ३,५०० किमीवरून गेलं तेव्हाचे सुरुवातीचे फोटो समोरून घेतलेले, म्हणून तो बर्फाच्या बाहुल्यासारखा दिसला. यान पुढे गेल्यावर मागे वळून काढलेले फोटो नंतर आले, त्यात मागचे तारे कुठे कुठे झाकले जातायत ते बघून कळलं की दोन्ही भाग चपटे आहेत. मी मुलीला कंदी पेढ्याचा बॉक्स उघडून दाखवलं, उन्हाळ्यात दोन पेढे कडेला कड लागून चिकटतात ना, अगदी तसं, एक मोठा एक लहान, रंग पण तसाच लालसर. फक्त हा पेढा ३५ किमी लांब आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळपास ३०० वर्षं लागतात!

आणि खरी गोष्ट तर जोडापाशी आहे. तिथे मोठा तडा नाही, चेंगरल्याची खूण नाही, म्हणजे हे दोघं धाडकन आपटले नाहीत, एकमेकांभोवती फिरत फिरत माणसाच्या चालीने येऊन टेकले. ग्रह ज्या तुकड्यांपासून बनले ते असे सावकाश जुळले याचा एवढा स्पष्ट पुरावा आधी मिळाला नव्हता, आणि तुमच्या बातमीत याबद्दल एक ओळ नाही.

अजून एक लिहायला हवं होतं. जुलै २०१७मध्ये अरोकॉथ एका ताऱ्यापुढून जाणार होता, त्या ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पडणार अर्जेंटिनात, ती पण जेमतेम सेकंदभर. तिथल्या कोमोदोरो रिवादाव्हिया शहराच्या लोकांनी रस्त्यावरचे दिवे बंद केले, हायवे थांबवला, वाऱ्याने दुर्बिणी हलू नयेत म्हणून ट्रक आडवे लावले. २४ दुर्बिणींपैकी पाचांना सावली सापडली आणि यान पोचायच्या दीड वर्ष आधीच आकाराचा अंदाज आला. ज्यांचा खगोलशास्त्राशी काही संबंध नाही अशा माणसांनी हे केलं, वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जमलं तर तो मागे वळून काढलेला फोटो पण छापा. मुलीने रविवारचा कापून वहीत चिकटवलाय आणि शेजारचं पान रिकामं ठेवलंय.

एक वाचक, सातारा